नाशिकच्या मातीत मेटल डिटेक्टरची कॉइल: निवड कशी करावी, चाचणी कशी घ्यावी

दिंडोरी तालुक्यातील एका परिचिताच्या द्राक्षबागेत विरळणीच्या दिवसांत त्यांच्या सुनेच्या पायातले एक जोडवे पडले. मी डिटेक्टर घेऊन गेलो तो १५ इंची कॉइल (दांडीच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची थाळी) लावून, कारण मोठी कॉइल म्हणजे जास्त खोली आणि कमी फेऱ्या असा तेव्हा माझा समज होता. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात पाऊण तास फिरलो. वेलींना आधार देणाऱ्या प्रत्येक लोखंडी अँगलपाशी डिटेक्टर ओरडे, आणि अँगल नसेल तिथे बांधणीच्या तारेचे तुकडे ओरडत. शेवटी ती सूनच म्हणाली, "दादा, आता राहू द्या, दुसरं घेऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी ९ इंची कॉइल घेऊन पुन्हा गेलो आणि अर्ध्या तासात जोडवे सापडले. ते अँगलपासून जेमतेम वीतभर अंतरावर, अडीच-तीन बोटे मातीत होते. आदल्या दिवशी मी त्याच जागेवरून किमान तीनदा गेलो होतो.

डिटेक्टर तोच, जमीन तीच, वस्तूही तीच होती. बदलली ती फक्त कॉइल. हा छंद नाशिक परिसरात करणाऱ्यांनी कॉइल निवडताना जाहिरातीतील खोलीचा आकडा बाजूला ठेवावा आणि आपल्या पायाखालच्या मातीत ती कॉइल काय करते हे स्वतः तपासावे, असे माझे स्पष्ट मत त्या दिवसापासून झाले आहे. ही तपासणी कशी करावी ते पुढे सविस्तर मांडले आहे.

आधी माती ओळखावी

आपला सगळा जिल्हा दख्खनच्या लाव्हाच्या थरांवर वसलेला आहे. या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात आणि कातळ झिजून झालेल्या काळ्या मातीत ते तसेच उतरतात. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला, जिथे पाऊस जास्त आहे, तिथल्या तांबूस मातीत लोहाची ऑक्साइडे आणखी बारीक रूपात आढळतात. विटांच्या जुन्या भट्टीची जागा तर सर्वांत त्रासदायक, कारण भाजल्यावर मातीचे चुंबकत्व वाढते आणि विटेचा एखादा तुकडासुद्धा धातूसारखा आवाज देऊ शकतो.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर जुन्या स्पीकरमधले चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोदावरीच्या काठच्या कोरड्या वाळूतून एकदा फिरवावे. पिशवीच्या तळाला काळ्या कणांची दाढी उगवल्यासारखी दिसते. पिशवी उलटी करून चुंबक बाजूला घेतले की ती दाढी गळून पडते. जितकी दाढी दाट, तितके त्या जागी डिटेक्टरला जमिनीचेच उत्तर जास्त ऐकू येणार आणि वस्तूचे उत्तर त्यात बुडणार. परदेशी चित्रफितींमध्ये दिसणारी खोली आपल्याकडे मिळत नाही, याचे मुख्य कारण बहुतेक वेळा डिटेक्टर नसून हे कण असतात. बागायती शेतात यात आणखी एक भर पडते. खतांचे क्षार आणि ठिबकचा ओलावा यांमुळे माती काही प्रमाणात विद्युतवाहकही होते.

कॉइलची रचना

कॉइलच्या थाळीत साधारणपणे तारेची दोन वेटोळी असतात. एक प्रक्षेपक, जे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. दुसरे ग्राहक, जे धातूत निर्माण झालेल्या प्रवाहांचे उलट उत्तर ऐकते. ही दोन वेटोळी अशी बसवलेली असतात की जवळ धातू नसताना प्रक्षेपकाचा आवाज ग्राहकापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. हे नाजूक संतुलन हाच कॉइलचा प्राण असून, पुढे सांगितलेल्या बहुतेक चाचण्या हे संतुलन शाबूत आहे की नाही हेच निरनिराळ्या मार्गांनी विचारत असतात.

कॉन्सेंट्रिक कॉइलमध्ये एक वर्तुळ मोठे आणि दुसरे त्याच्या पोटात लहान असते. तिचे शोधक्षेत्र खाली निमुळते होत जाणाऱ्या शंकूसारखे असल्याने वस्तूची नेमकी जागा सांगण्यात ती चांगली, आणि खनिजे कमी असलेल्या मातीत ती खोलीलाही उतरते. डबल-डी कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून, मधे थोडी एकमेकांवर चढवलेली असतात. त्या चढलेल्या अरुंद पट्टीतच तिची खरी संवेदनशीलता असते, त्यामुळे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत जणू एक पाते जमिनीत उभे राहते. पाते अरुंद असल्याने एका क्षणी कमी माती दिसते आणि मातीतल्या खनिजांचा गोंगाट कमी होतो. आपल्या काळ्या जमिनीसाठी म्हणूनच डबल-डी ही पहिली निवड ठरते. कॉन्सेंट्रिक कॉइल वाईट नव्हे. घराच्या अंगणात, मुरूम टाकलेल्या वाटेवर किंवा बाहेरून आणलेल्या भरावाच्या मातीत ती मी आजही आनंदाने वापरतो.

पल्स इंडक्शन प्रकारच्या, म्हणजे जमिनीत तुटक झटके सोडून मधल्या वेळात उत्तर ऐकणाऱ्या, डिटेक्टरला सहसा मोनो कॉइल लागते; तिच्यात एकच वेटोळे दोन्ही कामे करते. मॅग्नेटाइटचा त्रास या यंत्रांना कमी होतो हे खरे, परंतु लोखंड वेगळे काढण्याची त्यांची ताकद तोकडी असल्याने खिळे-तारांनी भरलेल्या शेतात प्रत्येक आवाजासाठी खणावे लागते. दोन-तीन तासांत पाठ आणि उत्साह दोन्ही मोडतात.

आकार आणि खोली यांचे गणित

नव्या माणसाची सर्वांत मोठी चूक इथेच होते, म्हणून या भागावर थोडे जास्त थांबतो.

कॉइलपासून दूर जाताना तिचे क्षेत्र साधारणपणे अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि वस्तूकडून परत येणारे उत्तरही तसेच क्षीण होते. म्हणजे वस्तू कॉइलच्या त्रिज्येपेक्षा बरीच खोल असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर परत येणारा संदेश सुमारे चौसष्टाव्या भागावर येतो. मोठी कॉइल हे क्षेत्र आणखी खाली नेते, पण त्याच वेळी ती कित्येक पट अधिक मातीही पाहते, आणि लहान वस्तूसाठी तिचे क्षेत्र विरळ पडते. मोठा हंडा, नांगराचा फाळ किंवा गाडलेला लोखंडी पाइप शोधायचा असेल तर १५ इंची कॉइलला पर्याय नाही. नाणे, अंगठी किंवा जोडवे यांसारख्या वस्तूंसाठी मात्र तिचा फायदा कागदावर दिसतो तितका शेतात मिळत नाही. ढोबळ अनुभव असा आहे की चांगल्या मातीत नाण्याएवढी वस्तू कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत कळते. आपल्या मातीत याहून कमीच धरून चालावे.

कचरा जास्त असेल तिथे ६ इंची कॉइल, रोजच्या वापरासाठी ९ ते ११ इंची डबल-डी, आणि मोकळ्या, स्वच्छ, नांगरलेल्या शेतात मोठी वस्तू शोधायची असेल तरच त्यापुढची, असा माझा क्रम आहे. एकच कॉइल घेण्याइतके पैसे असतील तर ९ इंची घ्यावी. लंबगोल कॉइल द्राक्षाच्या ओळीत, उसाच्या सरीत किंवा दगडांच्या फटीत शिरवायला सोयीची असते. वजनाकडेही दुर्लक्ष करू नये, कारण दांडीच्या टोकाला असलेले दोनशे ग्रॅम जास्तीचे वजन दुपारपर्यंत खांद्याला किलोभर वाटू लागते.

जुळणी आणि फ्रिक्वेन्सी

कॉइल डिटेक्टरला जुळली पाहिजे, आणि जुळणे म्हणजे केवळ पिन बसणे नव्हे. बहुतेक व्हीएलएफ (अतिनिम्न फ्रिक्वेन्सीचे, नेहमीच्या प्रकारातले) डिटेक्टर काही किलोहर्ट्झपासून काही दहा किलोहर्ट्झपर्यंतच्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर चालतात आणि त्यांची कॉइल त्याच फ्रिक्वेन्सीसाठी गुंडाळलेली असते. दुसऱ्या मॉडेलची कॉइल जोडली तर यंत्र कधी मुके होते, कधी सतत किंचाळते आणि कधी, हे सर्वांत फसवे, अर्धवट चालते. सर्वसाधारणपणे कमी फ्रिक्वेन्सी चांदी-तांब्याच्या मोठ्या वस्तूंना आणि जास्त फ्रिक्वेन्सी सोन्याच्या बारीक वस्तूंना अनुकूल असते. आपल्याकडे लोक बहुतांशी हरवलेले मणी, नथ, कानातले शोधायला बोलावतात, हे ध्यानात घेऊन निवड करावी. काही नव्या कॉइलमध्ये स्वतःचे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. त्यांच्या पिनांना मल्टिमीटर लावण्याचा मोह टाळावा.

हातात घेतल्यावर

जुनी कॉइल विकत घेताना ती प्रथम उन्हात तिरपी धरून कडांवरच्या केसासारख्या भेगा शोधाव्यात, कारण भेगेतून पाणी शिरले की आतले संतुलन बिघडते आणि ते सहसा परत जागेवर येत नाही. वायर जिथे थाळीत शिरते तो भाग बोटांनी हळूच वाकवून पाहावा. दांडीला जोडणारा बोल्ट प्लास्टिकचाच आहे ना, हेही पाहावे. मूळ बोल्ट हरवल्यावर कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी बोल्ट घातलेला असतो आणि मग डिटेक्टर स्वतःच्याच बोल्टला शोधत बसतो.

त्यानंतर डिटेक्टर चालू करून कॉइल हवेत स्थिर धरावी. मोबाइल बंद करून खिशातून दूर ठेवावा. उच्चदाबाच्या तारा, रोहित्र आणि मोटारीचे स्टार्टर यांच्यापासून लांब जावे. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राकडून निघणाऱ्या तारांखाली कोणतीही कॉइल नादुरुस्तच वाटेल. स्थिर कॉइल गप्प असेल तर थाळीवर बोटाने टिचकी मारावी, वायर हलवावी, कॉइल वेगाने डावी-उजवीकडे फिरवून एकदम थांबवावी. एखाददुसरी कुरकुर चालते. प्रत्येक टिचकीला स्पष्ट आवाज येत असेल तर ती कॉइल घेऊ नये. वायर दांडीभोवती घट्ट गुंडाळलेली असावी, कारण लोंबकळणारी वायर कॉइलच्या क्षेत्रात झुलली की खोटा आवाज येतो आणि दोष विनाकारण कॉइलवर जातो.

असा दोष मीही एकदा चुकीच्या ठिकाणी टाकला आहे. एकाकडून जुनी कॉइल घेतली, आठवडाभर ती छान चालली आणि नंतर दर दुसऱ्या झोक्याला चिवचिवू लागली. विकणाऱ्याला फोन करून बरेच बोललो. रात्री कॉइलच्या तळाचे प्लास्टिकचे कव्हर काढले, तेव्हा कव्हर आणि थाळी यांच्या मधे नदीकाठची तीच काळी वाळू बोटभर साचून दगडासारखी घट्ट झालेली दिसली. जुन्या टूथब्रशने धुतल्यावर कॉइल पूर्ववत शांत झाली. दुसऱ्या दिवशीचा फोन करताना आवाज जरा खालच्या पट्टीत होता. तेव्हापासून प्रत्येक फेरीनंतर कव्हर काढून धुणे हा माझा नियम आहे.

हवेतील चाचणीची मर्यादा

कॉइल टेबलाच्या कडेला बांधून तिच्यासमोर नाणे हलवून अंतर मोजणे ही हवेतील चाचणी होय. टेबल लाकडी हवे आणि त्याला खिळे नसावेत. ही चाचणी दोन कामांसाठी उपयोगी आहे. कॉइल मुळात चालते का हे कळते आणि तिच्या संवेदनशील भागाचा नकाशा काढता येतो. नकाशासाठी कॉइलच्या बाह्यरेषेचा कागद तिच्यावर ठेवावा, नाणे कागदापासून चार बोटे वर धरून वेगवेगळ्या ठिकाणी हलवावे आणि जिथे आवाज मिळतो तिथे खूण करावी. डबल-डीमध्ये मधली उभी पट्टी भरून येते. ती एका बाजूला सरकलेली किंवा मधेच तुटलेली दिसली तर आतील वेटोळे हलले आहे असे समजावे.

नाणी निवडताना त्यांचा धातू लक्षात ठेवावा. आजचे एक रुपयाचे नाणे चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे असते आणि डिटेक्टर त्याला पुष्कळदा लोखंडासारखे वागवतो. म्हणून चाचणीसाठी पिवळसर पाच रुपयांचे नाणे, जुने ॲल्युमिनियमचे दहा पैसे, एखादे चांदीचे जोडवे आणि सोबत औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा व बाटलीचे बूच असा संच करावा.

मात्र हवेत मिळालेले अंतर मातीत मिळेल असे मानू नये. हवेत खनिजे नसतात, त्यामुळे नाण्याएवढ्या वस्तूसाठी तिथे मोठी कॉइल बहुतेक वेळा जिंकते.

खड्डा आणि पाइप

मातीत नाणी पुरून चाचणीची बाग करण्याची पद्धत प्रचलित आहे, परंतु काळ्या जमिनीत ती फसते. खणून भरलेली माती सैल राहते, तिचे उत्तर आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळे येते. शिवाय ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते आणि पुरलेली नाणी जागा सोडतात. त्याऐवजी पुढील पद्धत मला विश्वासार्ह वाटते.

शेताच्या किंवा परसाच्या कोपऱ्यात, आधी डिटेक्टरने तपासून स्वच्छ केलेल्या जागी, पहार आडवी मावेल इतका लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल असा खड्डा घ्यावा. लांबीच्या टोकाच्या एका उभ्या भिंतीत जमिनीपासून ५, १०, १५, २० आणि २५ सेंटिमीटर खोलीवर, एकमेकांपासून बाजूला सरकवून, पहारीने आडवी भोके पाडावीत आणि त्यांत प्रत्येकी तीन फूट लांबीचे सव्वा इंची पीव्हीसी पाइप ठोकून बसवावेत. भोके एकाच उभ्या रेषेत नसावीत, नाहीतर वरच्या पाइपची पोकळी खालच्या मापनात येते. आता बांबूच्या कामटीच्या टोकाला नाणे आडवे चिकटवून ते पाइपमधून आत सरकवावे. वरची माती जशीच्या तशी, न हललेली राहते, आणि हवे ते नाणे हव्या त्या खोलीवर क्षणात नेता येते. कामटीवर खुणा केल्या की नाणे नेमके कुठे आहे हेही कळते. खड्ड्याच्या कडेपासून निदान दोन फूट आत मापन करावे.

प्रत्येक कॉइल लावल्यावर प्रथम ग्राउंड बॅलन्स करावा. म्हणजे धातू नसलेल्या जागी कॉइल जमिनीपासून हातभर उचलून पुन्हा दोन बोटांपर्यंत खाली आणत राहावे आणि वर-खाली होताना आवाज सारखा राहील अशी जुळणी करावी. मग सेन्सिटिव्हिटी एकदम कमाल न ठेवता, रिकाम्या जमिनीवर यंत्र शांत राहील तिथपर्यंतच वाढवावी. मोठ्या कॉइलला इथेच माघार घ्यावी लागते. माझ्या परसात १५ इंची कॉइलची सेन्सिटिव्हिटी इतकी उतरवावी लागते की तिची जास्तीची खोली तिथेच संपते.

त्यानंतर एका जोडीदाराने कामटी धरावी आणि नाणे आत आहे की नाही हे कॉइल फिरवणाऱ्याला सांगू नये. हा भाग महत्त्वाचा आहे, कारण नाणे तिथे आहे हे ठाऊक असले की कानाला नसलेला आवाजही ऐकू येतो. दर खोलीवर दहा वेळा, कधी नाण्यासह तर कधी नाण्याशिवाय, विचारावे आणि वहीत बरोबर-चूक लिहावे. दहापैकी आठ वेळा उत्तर बरोबर येते तीच त्या कॉइलची तुमच्या मातीतील खरी खोली. सोबत पडद्यावरचा टार्गेट आयडी, म्हणजे धातू कोणता असावा हे सुचवणारा आकडा, किती स्थिर राहतो तेही नोंदवावे, कारण खनिजयुक्त मातीत खोल गेलेले चांगले नाणे हळूहळू लोखंडाच्या आकड्यांकडे घसरू लागते.

खिळ्यांची फळी

खोलीइतकीच, किंबहुना आपल्या भागात खोलीपेक्षा जास्त, महत्त्वाची गोष्ट म्हणजे लोखंडाशेजारचे नाणे ओळखणे. लाकडी फळीवर पाच रुपयांचे नाणे ठेवावे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चार बोटांवर एकेक गंजका खिळा ठेवावा. कॉइल सुमारे १० सेंटिमीटर वरून, सावकाश, आधी आडवी आणि मग उभी फिरवावी. खिळे दोन-दोन बोटे जवळ आणत जावे आणि नाण्याचा स्वच्छ आवाज कुठल्या अंतरावर हरवतो ते लिहावे. दिंडोरीच्या बागेत मला चुकवणारी १५ इंची कॉइल या फळीवर पहिल्याच पायरीला गप्प झाली. ही चाचणी मी त्या जोडव्याच्या आधी घेतली असती तर एक चक्कर वाचली असती.

कुठे शोधावे, कुठे नाही

कॉइल कितीही चांगली असली तरी तिला कुठे न्यावे याला कायद्याची मर्यादा आहे. शेतात जाण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. पांडवलेण्यांसारख्या केंद्र-संरक्षित स्मारकांच्या परिसरात डिटेक्टर नेऊच नये. अशा स्मारकांभोवती १०० मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र असते. देवळालीच्या तोफखान्याच्या सराव क्षेत्राजवळ जाणे तर बेकायदेशीर आणि जिवावर बेतणारेही आहे, कारण जमिनीतला प्रत्येक धातू निरुपद्रवी नसतो. १८७८च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ही केवळ कागदी औपचारिकता नव्हे. १९०६ मध्ये याच जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला आणि त्यातील बहुतांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षाचा हा पुरावा साठा एकत्र राहिला म्हणूनच वाचता आला. जुनी नाणी कशी दिसतात हे जाणून घ्यायचे असेल तर त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरी येथील नाणेसंशोधन संस्थेचे संग्रहालय पाहावे.

ऋतूनुसार पुन्हा मापन

एप्रिल-मेमध्ये घेतलेले मापन जूनच्या पावसानंतर जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण ओली माती वेगळे उत्तर देते. शिवाय दुपारच्या उन्हात कॉइल तापली की संतुलन थोडे सरकते. अर्धा तास उन्हात ठेवून पुन्हा ग्राउंड बॅलन्स करावा आणि सकाळच्या नोंदीशी ताडून पाहावे. चाचणीचा खड्डा म्हणूनच बुजवून न टाकता वर्षभर ठेवावा, पाइपांच्या तोंडात चिंध्या कोंबाव्यात म्हणजे विंचू-सरपटणारे आत शिरत नाहीत, आणि खड्ड्यावर लाकडी फळी किंवा ताडपत्री टाकावी. मी पहिल्या पावसात घाईने लोखंडी पत्रा झाकला होता, आणि महिन्याभराने मापनाला बसल्यावर पत्रा उचलून चार पावलांवर ठेवल्याचे विसरून सबंध सकाळ नवी कॉइल बिघडली असेच समजत होतो.